पॅकेट नेमकी कुठे गळतात?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझं सेतू केंद्र आहे. सातबारा काढताना पान अडकतं, पण पिंगची (जोडणी तपासायच्या कमांडची) चारही उत्तरं येतात. दोष कुठे असेल?

उत्तर : भाऊ, चारावर निकाल देऊ नका! विंडोजचं पिंग आपणहून तेवढीच पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवतं. १०० पाठवून एकही हरवलं नाही, तरी गळती ३ टक्क्यांच्या आत आहे, इतकंच बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. १००० पाठवा, साधारण १७ मिनिटं लागतील. तेही लोक रांगेत असताना, रात्री नव्हे. आधी स्वतःच्या राउटरला, मग बाहेरच्या सर्व्हरला. राउटरपर्यंतच गळत असतील तर वायफाय सोडून केबल लावून बघा. मात्र पॅकेट जाताना हरवलं की उत्तर येताना, हे पिंग सांगत नाही.