डान्स क्लासच्या मॅडमचं शिक्षण विचारायचं कसं?

प्रश्न: ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. घराजवळच्या कथक क्लासच्या बोर्डावर मॅडमच्या नावापुढे 'विशारद' लिहिलंय, ते बघून अ‍ॅडमिशन घेतली. पण मॅडम कधीतरीच येतात, रोज शिकवते ती त्यांची कॉलेजात जाणारी स्टुडंट. मुलीला ती आवडते, तक्रार तशी नाहीये, पण मॅडमना शिक्षणाबद्दल काही विचारलं तर त्यांना राग येईल का? आणि विचारायचं तरी काय?
– एक आई, डोंबिवली

उत्तर: विचारा, बिनधास्त विचारा. आपल्याकडे गुरूला शिक्षण विचारणं म्हणजे उद्धटपणा असं उगाच वाटतं, पण नाचातली माणसं स्वतःच आधी सांगतात की आम्ही अमक्यांकडे शिकलो. पुण्यात 1947 साली नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू करणाऱ्या नृत्यांगना रोहिणी भाटे यांचं नाव काढलं की लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर ही त्यांच्या गुरूंची नावं ओघाने येतातच. त्यामुळे पहिला प्रश्न हाच, तुम्ही कोणाकडे शिकलात आणि किती वर्षं? जी बाई खरंच शिकलीय ती यावर अर्धा तास बोलेल.

आता विशारदचं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत-नृत्याच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण, आणि त्यानंतर अलंकार. म्हणजे विशारद पूर्ण व्हायला सात परीक्षा, त्यात वरच्या परीक्षांना लेखी पेपरसुद्धा, हे काही चार महिन्यांचं काम नाही. पण दोन गोष्टी बघाच. एक म्हणजे सर्टिफिकेटवर विषय कोणता आहे, कारण विशारद गायनातही होते, तबल्यातही होते. दुसरं म्हणजे प्रथम झालंय की पूर्ण, बोर्डावर बऱ्याचदा नुसतं विशारद असतं. काहीजणी युनिव्हर्सिटीतून शिकलेल्या असतात, पुण्याचं ललित कला केंद्र किंवा मुंबईचं नालंदा नृत्यकला महाविद्यालय, तिथे तर नाचात पूर्ण डिग्रीच करतात, तेही उत्तम.

राहिली ती कॉलेजची मुलगी. सीनियर मुलीने लहानांना तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं मूलभूत काम, शिकवणं ही जुनी पद्धत आहे आणि ती शिकवताना स्वतःही पक्की होते, त्यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त मॅडमचं लक्ष हवं. आठवड्यातून एकदा तरी त्यांनी स्वतः बॅच बघायला हवी, आणि हे अ‍ॅडमिशनच्या वेळीच सांगायला हवं होतं, फी तुम्ही त्यांच्या नावाकडे बघून भरलीत. तेवढं स्पष्ट बोला.

आणि एकदा क्लासमध्ये बसून बघा. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत चाललेलं असताना शिकवणारी स्वतः हाताने ताल धरून तोंडाने बोल म्हणतेय का, कोणाचा पाय चुकला की तिथेच थांबवून त्या मुलीला परत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवतेय का, तीनतालाच्या 16 मात्रा मुलींना हातावर मोजता येतायत का, की नुसतं स्पीकरवर गाणं लावून गॅदरिंगचा डान्स बसवणं चाललंय? माझं स्पष्ट मत आहे की हे दहा मिनिटांत कळतं आणि सर्टिफिकेटपेक्षा जास्त कळतं. फरशी पण बघा, काँक्रीटवरच्या टाइल्सवर रोज तासभर पाय आपटले तर गुडघे आणि नडग्या दुखणारच, चांगली शिक्षिका वेदना लपवायला कधीच सांगत नाही.

प्रश्न: मुलगा बारा वर्षांचा, हिपहॉप शिकायचंय. सर म्हणतात मी इंटरनॅशनल सर्टिफाइड आहे. भरवसा ठेवायचा का?
– बाबा, नाशिक

उत्तर: कशात सर्टिफाइड ते आधी विचारा. झुंबाचं लायसन्स एक-दोन दिवसांच्या ट्रेनिंगवर मिळतं, मोठ्या माणसांच्या फिटनेस बॅचसाठी ते ठीक आहे, पण वाढत्या वयाच्या मुलाला नाच शिकवायची ती तयारी नव्हे. बॅलेत लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्ससारख्या संस्थांच्या पायरीपायरीच्या परीक्षा आहेत. हिपहॉप वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1970 च्या दशकात, रस्त्यावर आणि पार्ट्यांमध्ये, त्यामुळे तिथे डिग्री शोधण्यापेक्षा सर कोणत्या क्रूमध्ये, म्हणजे नाचणाऱ्यांच्या गटात नाचलेत, कुठल्या बॅटल, म्हणजे समोरासमोरच्या स्पर्धा खेळलेत, लहान मुलांना किती वर्षं शिकवतायत ते विचारा. ब्रेकिंग, म्हणजे हिपहॉपमधला ब्रेकडान्स, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये होतं, तेव्हापासून फ्लिप शिकायची हौस असलेली मुलं खूप भेटतात, तर मॅट आहे का, उलटी उडी मारताना सर बाजूला हात देऊन उभे राहतात का, वॉर्मअप किती वेळ घेतात, हे बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

प्रश्न: माझं कथक विशारद पूर्ण झालंय, पण लग्नानंतर बरीच वर्षं घुंगरू बांधले नाहीत. आता सोसायटीतल्या बायका मुलींना शिकव म्हणून मागे लागल्यात. मला शिकवायचा हक्क आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अगं, हक्क आहेच! पण आधी तुझ्या बाईंना फोन कर, त्यांना सांग की मी परत सुरू करतेय, आणि जमलं तर काही महिने त्यांच्यासमोर पुन्हा उभी रहा. तत्कार ठाय, दुगुन, चौगुन, म्हणजे संथ, दुप्पट आणि चौपट लयीत, स्वच्छ येईपर्यंत रोज पहाटे रियाज कर, पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, तर स्वयंपाक करतानाही होते. सुरुवातीला चार-पाचच मुली घे, प्रारंभिकपर्यंतचं शिकव, पुढच्या परीक्षांना बसवताना परत बाईंचा सल्ला घे. पालकांना मधल्या वर्षांचं खरं ते सांगून टाक, लपवू नकोस. अलंकारचा विचारही मनात असू दे, त्याला वयाची अडचण नाही.