टॉवेल खुंटीला अडकवा

प्रश्न : मी चाळिशीची आहे. लहानपणी अंगात नुसती मस्ती होती. नदीच्या डोहात खडकावरून सूर मारायचे, मामा काठावर पेपर वाचत बसलेला असायचा. झाड, गच्ची, अंधार, कशाचंच काही वाटत नसे. आता शिडीवर पाय लटपटतात, हायवेला गाडी घालत नाही, झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं. नऊ वर्षांच्या लेकीला पोहायला नेते तेव्हा टॉवेल घेऊन काठावर उभी असते. फळीवरून उडी मारण्याआधी ती माझ्याकडे बघते आणि बहुतेकदा मागे फिरते. असो. ती जुनी मी कुठे गेली? परत सापडेल का?
– हरवलेली

उत्तर : बाई, लेकीचं एवढं सांगून तुम्ही ‘असो’ म्हणून मोकळ्या झालात. मी अजून तिथेच अडले आहे.

झोपाळ्याचं सोडा. वयाबरोबर आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा बदलते, बऱ्याच मोठ्या माणसांना गरगरतं. आणि डोहातल्या त्या धाडसी मुलीबद्दल मला फारशी हळहळ वाटली नाही, खरं सांगते. मला आवडला तो मामा.

१९८५ साली मानसशास्त्रज्ञांनी वर्षभराच्या बाळांवर एक प्रयोग केला. जाड काचेचा टेबलासारखा पृष्ठभाग. अर्ध्या भागात काचेखाली लगेच चौकडीचं कापड, पुढे तेच कापड एकदम खाली गेलेलं, म्हणजे काच सलग असली तरी बाळाला समोर खड्डा दिसणार. खड्ड्याची खोली मुद्दाम बेताची ठेवलेली, पुढे जावं की नाही अशा संभ्रमात बाळ पडेल इतकीच. पलीकडे आई. बाळं रांगत कडेपर्यंत येत, थांबत आणि मान वर करून आईच्या तोंडाकडे बघत. आईचा चेहरा आनंदी होता तिथे १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तिथे १७ पैकी एकही गेलं नाही. आई तोंडातून चकार शब्द काढत नव्हती, बरं का.

तुमची लेक फळीच्या टोकाशी हेच करते आहे. तुम्ही खडकाच्या टोकाशी हेच केलंत, फक्त समोर दिसायचा तो पेपरात डोकं घातलेला माणूस. ज्याला तुमच्या उडीपेक्षा बातम्या महत्त्वाच्या वाटतात, त्याच्यादेखत काय वाईट होणार आहे? तुमच्या धाडसात निम्मा वाटा त्याचा होता. लेकीच्या वाट्याला मात्र आवळून धरलेला टॉवेल आला आहे.

आता म्हणाल, मी हसून उभी राहीन. नको. नऊ वर्षांच्या मुलीला आईचं खोटं हसू लांबूनही कळतं.

तुम्हाला पोहता येतं. येत्या खेपेला पाण्यात उतरा. फळीपासून चार हात लांब, आपल्या आपल्या फेऱ्या मारा, दमा, नाकात पाणी जाऊ द्या. तिच्यावर नजर ठेवायला जीवरक्षक आहे, त्याचं काम त्याला करू द्या. तिने वर बघितलं तर आई पोहताना दिसली पाहिजे. ती मागे फिरली तर घरी जाताना त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. उडी मारली, तरी नाही.

जुनी तुम्ही सापडते का, ते नंतर बघू. पोहण्याचे कपडे होत नसतील तर नवे घ्या, पण याच आठवड्यात.