कुत्र्याचा एक डोळा लाल झालाय, तो अर्धा मिटून ठेवतो. घरातले माणसांचे आय ड्रॉप्स घातले तर चालतील का, आणि किती दिवस घालायचे?

नाही. एक थेंबही घालू नका, मग बाटलीवर नाव कुठलंही असो.

कुत्रा डोळा अर्धा मिटतोय म्हणजे त्याला दुखतंय. असं दुखणं बऱ्याचदा कॉर्नियावरच्या ओरखड्याचं असतं. हा समोरचा पारदर्शक पडदा कुत्र्यात जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतो. तिथे 'दोन दिवस बघू' म्हणायला जागाच नाही.

आमची कुत्री मांजरामागे झुडपात घुसली आणि डावा डोळा मिचकावत बाहेर आली. मी बाहेरगावी होतो. मोठ्या भावाचे डोळे आले होते तेव्हाचे उरलेले ड्रॉप्स घरात पडून होते. मी फोनवर नको नको म्हणत असताना त्याने ते घातले, आणि पुढेही घालत राहिला. मी परत आलो तेव्हा लाली खरंच ओसरली होती. दादाने मला ती मोठ्या समाधानाने दाखवली. पण कुत्री उजेडाकडे तोंड करेना, डोळ्यातून पाणी थांबेना. टॉर्च बाजूने धरून पाहिलं तर बुबुळावर निळसर, धुरकट डाग.

डॉक्टरांनी फ्लुरोसीन या जखमेवर चढणाऱ्या रंगाची केशरी पट्टी डोळ्याला लावली आणि निळ्या उजेडात पाहिलं. जखम हिरवी चमकली. चांगलीच पसरली होती, कडा मऊ पडल्या होत्या. त्या ड्रॉप्समध्ये अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टिरॉइड. स्टिरॉइडने सूज आणि लाली दबते, पण जखम भरायची थांबते आणि कॉर्निया विरघळवणाऱ्या एन्झाइम्सना मोकळं रान मिळतं. मग तिच्याच रक्तातून काढलेल्या सीरमचे थेंब (ते या एन्झाइम्सना रोखतं), वेगळं अँटिबायोटिक, रात्रभर गजर लावून तासातासाला. डोळा वाचला, बुबुळावरचं फूल (पांढुरका डाग) मात्र कायमचं राहिलं.

दादा अजून म्हणतो, 'लाली माझ्याच औषधाने गेली, नंतर ती डोळाही जास्त उघडत होती.' दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींतून काही सिद्ध होत नाही. कॉर्नियाच्या वरच्या थरात मज्जातंतूंची टोकं दाट असतात, म्हणून वरवरचा ओरखडा जास्त ठणकतो आणि खोल गेलेली जखम कधी कधी कमी. फार खोल गेली तर तळाचा पातळ पापुद्रा रंगसुद्धा धरत नाही. वरवरची साधी जखम योग्य औषधाने साधारण आठवड्याभरात भरते. तीच सडायला लागली की एक-दोन दिवसांत डोळा फुटू शकतो.

तुम्ही आत्ता एवढंच करा: गळ्यात कोनाची कॉलर घाला, पंजाने डोळा चोळू देऊ नका, घाण आली असेल तर सलाइनने हलकेच धुवा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. काही रुतलं असेल तर उपसू नका. साबण, फिनेल असं काही उडालं असेल तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन मग निघा. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याचा डोळा खोबणीतून बाहेर आला तर आत ढकलू नका, सलाइनने ओला ठेवून धावत सुटा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे.

औषध किती दिवस घालायचं, हे त्या रंगाने जखम तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. आणि हो, स्टिरॉइड ड्रॉप्स कुत्र्यांना कधीच देत नाहीत असं नाही. डोळ्याच्या आतल्या दाहात डॉक्टर स्वतःच देतात, पण आधी जखम नाही याची खात्री करून. दादा याच वाक्याचा आधार घेतो, म्हणून त्यातलं 'आधी' पुन्हा वाचा. घरातल्या कुणाकडे ती हिरवी चमक बघायची सोय नसते.