ऐरोलीत हॅकर मंडळींची बैठक भरवण्यापूर्वी

ऐरोलीत महिन्यातून एकदा हॅकर मंडळींची, म्हणजे यंत्रे आणि संगणक उघडून-जोडून शिकणाऱ्या हौशी लोकांची, बैठक भरवायची आहे. तेव्हा प्रमुख पाहुणे कोणाला बोलवावे, प्रायोजक कसा मिळवावा आणि कायद्याची काही अडचण येईल का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण बैठकीचा स्वभाव तिथेच ठरतो.

माझ्या मते प्रमुख पाहुणे नकोतच. या परंपरेत बोलणारे मोजके आणि ऐकणारे बाकीचे, अशी विभागणी कुणाला फारशी रुचत नाही. जर्मनीतील केऑस कम्प्युटर क्लब हा हॅकर मंडळींचा क्लब १९८१ साली स्थापन झाला आणि १९८४ पासून त्याचे अधिवेशन वर्षअखेरीस भरू लागले. तिथे हजारो लोक जमतात. तरी दारावर उभे राहण्यापासून भाषणांच्या चित्रीकरणापर्यंतची असंख्य कामे ‘एंजल’ म्हणवणारे स्वयंसेवक करतात आणि हे लोक तिकिटाचे पैसे भरून आलेले असतात. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता वर्गणीही देतो आणि मांडवाचे बांबूही उचलतो, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा शाल-श्रीफळ वगळा आणि येणाऱ्या प्रत्येकाला एखादी चालणारी, किंवा बिघडलेली, वस्तू सोबत आणायला सांगा. (आभारप्रदर्शनाचा वेळ वाचतो, हा वेगळा लाभ.)

ज्ञान वाटण्याविषयी पुष्कळ बोलले जाते, पण ते कसे वाटायचे हे पाहूनच कळते. वाशीच्या एका बैठकीत डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातील एका मुलीने भंगारातला वाय-फाय राउटर उघडून त्याच्या सिरियल पिनांना, म्हणजे ज्यांवरून राउटर मजकुराची देवघेव करतो त्या पिनांना, अडॅप्टरमधून लॅपटॉपकडे जाणाऱ्या तारा जोडल्या होत्या. वेग सेकंदाला ११५२०० बिट असा नेहमीचा ठेवला होता, तरी लॅपटॉपच्या पडद्यावर एक अक्षर उमटत नव्हते. शेजारी महापेच्या एका कंपनीत याच क्षेत्रात वर्षानुवर्षे काम केलेले एक गृहस्थ उभे होते. तारा उलट्या जोडल्या आहेत हे त्यांच्या लगेच ध्यानात आले असणार, पण त्यांनी सोल्डरिंग गनला हात लावला नाही, “राउटर ज्या पिनवरून पाठवतो, ती तुझ्या अडॅप्टरच्या कोणत्या पिनला गेली आहे?” एवढेच विचारले. तिने तारेवरून बोट फिरवत पाहिले, दोन्ही टोके अदलाबदल करून पुन्हा डाग दिला आणि राउटर सुरू होतानाच्या ओळी भराभर सरकू लागल्या. पुढच्या मुलाला हेच तिने समजावले. जाणत्याने हात आवरणे ही शिस्त तुमच्या बैठकीत रुजली, तर बाकीचे बरेचसे आपोआप जमेल.

दुसरी शिस्त फोटोंची. केऑसच्या मंडळींचे एक जुने तत्त्व आहे: सार्वजनिक माहिती वापरात आणावी, खासगी माहिती जपावी. त्यांच्या अधिवेशनात कुणाचा फोटो काढण्यापूर्वी त्याला विचारावे लागते. शेवटी सर्वांना उभे करून फोटो काढायचा आणि तो लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, ही आपली सवय इथे मोडावी लागेल.

प्रायोजकाचे थोडक्यात सांगतो. जागा आणि चहा खुशाल घ्यावा; मात्र उपस्थितांची नावे व फोन नंबर मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

कायद्याचे मात्र गांभीर्याने घ्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय अप्रामाणिक हेतूने शिरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि आपला हेतू स्वच्छ होता हे पोलीस ठाण्यात पटवत बसण्याची वेळ कुणावरच येऊ नये. म्हणून प्रयोग स्वतःच्या उपकरणावर, नाहीतर मालकाची लेखी परवानगी असलेल्या उपकरणावरच करावेत. सहज वापरताना एखाद्या सेवेत त्रुटी आढळली, तर ती चारचौघांत मिरवण्याआधी त्या संस्थेला किंवा सर्ट-इन या संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला कळवावी. कुणी सोसायटीच्या सीसीटीव्हीत शिरून दाखवतो म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा आणि पुढच्या वेळी वर्गणीतून एक जुना कॅमेरा आणून टेबलावर ठेवा.