‘सर्वसाक्षी’, ‘जबाबदार’ आणि मधला ‘म्हणून’

वेंगुर्ल्याहून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न असा: उपासनेच्या एका मराठी पुस्तिकेत ‘देव सर्वसाक्षी आहे, म्हणून माणूस त्याला जबाबदार आहे’ असं वाक्य आहे. पुस्तिका कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही घरांत जाणार आहे. ‘सर्वसाक्षी’ हा शब्द हिंदू धाटणीचा वाटतो, तर तो काढून ‘सर्वज्ञ’ घालावा का? आणि ‘जबाबदार’च्या जागी ‘उत्तरदायी’ बरा का?

पहिल्या शब्दाबद्दल फार अडू नये. ‘सर्वज्ञ’ घेतल्याने शब्द काही कोरा होत नाही. महानुभाव पंथात ‘सर्वज्ञ’ म्हणजे चक्रधरस्वामी; जैन आणि बौद्ध परंपरांतही तो शब्द मुरलेला आहे. या किनाऱ्यावर तर जुने शब्द नव्या अर्थाने वापरण्याची रीत चारशे वर्षांची आहे. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघाचे (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला खुशाल ‘वैकुंठ’ म्हटलं. पाहायचं ते एवढंच की शब्दाची जुनी छटा आपल्या वाक्याला मदत करते की आड येते.

‘सर्वसाक्षी’ची छटा अर्धी आड येते. वेदान्तातला साक्षी अलिप्त असतो: पाहतो, पण व्यवहारात पडत नाही. बायबलमधला साक्षीदार तसा नाही. मलाखी ३:५ मध्ये देव स्वतः न्यायाला जवळ येईन म्हणतो आणि मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवेला नि अनाथाला छळणाऱ्यांविरुद्ध तत्पर साक्षीदार होईन असं बजावतो. रोमकरांस पत्र १:९ मध्ये पौल आपल्या खरेपणासाठी देवाचीच साक्ष काढतो. म्हणजे हा साक्षीदार बाजू घेणारा आहे, आणि न्यायाधीशही तोच. हे पुढच्या ओळींतून स्पष्ट होत असेल तर ‘सर्वसाक्षी’ राहू द्या, शब्द सुंदर आहे. वाक्य एकटंच उभं राहणार असेल तर ‘सर्वज्ञ’ सुरक्षित.

‘अंतर्यामी’ मात्र इथे नको. मराठीत आपण तो ‘मनातलं ओळखणारा’ अशा अर्थाने वापरतो, आणि मराठी बायबलमध्ये ‘अंतर्याम’ हा शब्द मन, हृदय या अर्थी येतो, तो ठीकच. पण उपनिषदातला अंतर्यामी म्हणजे आत राहून नियमन करणारा. देवच आतून चालवतो म्हटलं, की केलेल्या कर्माचा जाब माणसाला विचारायचा कसा, हा प्रश्न पहिल्याच ओळीत उभा राहतो.

वाक्यातला खरा घोटाळा ‘म्हणून’ने केला आहे. ‘देव पाहतो, म्हणून माणूस जबाबदार’ याचा सरळ अर्थ असा निघतो की पाहणारा नसता तर जबाबदारीही नसती. ख्रिस्ती शिकवण अशी नाही. जबाबदारी येते ती माणसाला मिळालेल्या इच्छास्वातंत्र्यातून आणि त्याच्या हाती सोपवलेल्या गोष्टींतून. लूक १६ मधल्या कारभाऱ्याला धनी हिशेब मागतो तो मालमत्ता त्याच्या ताब्यात दिली होती म्हणून, आणि लूक १२:४८ सांगतं की ज्याला पुष्कळ दिलं त्याच्याकडून पुष्कळ मागितलं जाईल. देवाच्या ज्ञानाचं काम वेगळं आहे. ते जबाबदारी निर्माण करत नाही. न्याय अचूक करतं. माणसाला बाहेरची कृती दिसते, देवाला तिच्यामागचा हेतू, भीती, अज्ञान, सक्ती सगळं दिसतं. कॅथलिक धर्मशिक्षणाचा १९९२ साली आलेला ग्रंथ (परिच्छेद १७३५) स्पष्ट म्हणतो की अज्ञान, अनवधान, जबरदस्ती, भय, सवय यांनी कृतीचा दोष कमी होऊ शकतो, कधी नाहीसाही होतो. म्हणजे सर्वज्ञता जशी आरोपीच्या विरुद्ध जाते तशीच त्याच्या बाजूनेही उभी राहते. ही दुसरी बाजू पुस्तिकेत यायलाच हवी. उत्पत्ती १६ मध्ये रानात पळालेली दासी हागार देवाला ‘पाहणारा देव’ म्हणते ती धाकाने नव्हे. कोणी तरी आपल्याकडे पाहिलं म्हणून. आपल्या बोलीत ‘देव बघून घेईल’ ही धमकी आहे, त्यामुळे नुसतं ‘देव पाहतो’ लिहिलं की ऐकणाऱ्याला आधी धमकीच ऐकू येते.

याच ‘म्हणून’ची उलटी चूक प्रवचनांतही होते: ‘देवाला आधीच ठाऊक होतं, म्हणून माणूस तसाच वागला.’ किनाऱ्यावर हे समजावताना भरतीचा दाखला हमखास सुचतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास. कोळ्याला वेळ आधी कळते, पण त्याच्या कळण्याने पाणी चढत नाही. इथवर दाखला बरोबर आहे. पुढे तो फसतो. भरतीची वेळ आधी सांगता येते ती पाण्याला स्वतःची मर्जी नाही म्हणून. कारणं ठरलेली, म्हणून गणित जमतं. माणसाबद्दलचं देवाचं ज्ञान असं गणित असेल तर माणूसही पाण्यासारखाच बांधलेला ठरेल. सहाव्या शतकात बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने दिलेलं उत्तर नेमकं हेच टाळतं: देव पुढचं अंदाजाने काढत नाही. तो काळाबाहेर असल्याने सगळे क्षण त्याच्यापुढे एकदम आहेत, आणि समोर चालणारा माणूस दिसल्याने त्याच्यावर चालायची सक्ती होत नाही. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी हीच मांडणी पुढे नेली. म्हणून ‘त्रिकालज्ञ’ टाळा. तो शब्द भूत, वर्तमान, भविष्य असे तीन कप्पे करतो आणि ज्योतिषाची आठवण देतो.

‘विधिलिखित’ तर अजिबात नको. वाचकाला लगेच सटवाईने कपाळावर ओढलेली रेघ दिसते. प्रकटीकरण २०:१२ मधली उघडलेली पुस्तकं माणसांनी केलेल्या कृत्यांची आहेत, नशिबाची नव्हेत. स्तोत्र १३९:१६ मात्र दिवस उगवण्याआधीच देवाच्या पुस्तकात लिहिले होते असं म्हणतं, आणि इथे पंथांचे रस्ते थोडे वेगळे होतात. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम होतं, तेव्हा तिकडच्या वाचकाला हे जाणवेल. प्रेस्बिटेरियन मंडळी मानतात तो १६४०च्या दशकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा सगळं देवाने ठरवलं असं मानतो, पण त्याच वाक्यात देव पापाचा कर्ता नाही आणि माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही हेही नोंदवतो. येशूसंघी लुइस दे मोलिना यांनी १५८८ साली तिसरी वाट मांडली: अमुक परिस्थितीत अमुक माणूस आपल्या खुशीने काय करील हेही देव जाणतो. दोन्ही घरांत जाणाऱ्या पुस्तिकेत ‘पूर्वज्ञान’ हा शब्द घ्यावा. ‘पूर्वनियोजन’ (देवाने आधीच ठरवून ठेवणं) हा वादातला शब्द आहे.

आता ‘जबाबदार’. इथे अडचण व्याकरणाची आहे, आणि ती गंभीर आहे. मराठीत ‘अपघाताला चालक जबाबदार’ म्हणजे अपघात त्याच्यामुळे झाला. ‘-ला जबाबदार’ म्हटलं की त्या गोष्टीचा दोष येतो. मग ‘माणूस देवाला जबाबदार आहे’ याचा अर्थ काय होईल ते पाहा. ‘उत्तरदायी’ने ही अडचण टळते, पण तो शासननिर्णयातला शब्द, उपासनेला बसलेल्या आजीच्या कानाला तो परका. ‘हिशेब देणे’ घ्या. ‘कोणापाशी’ आणि ‘कशाचा’ या दोन्ही जागा त्यात भरता येतात, आणि शास्त्राचीही तीच भाषा आहे. रोमकरांस पत्र १४:१२ म्हणतं की आपल्यातला प्रत्येक जण देवाला स्वतःविषयी हिशेब देईल. मत्तय १२:३६ तर उगाच बोललेल्या शब्दाचाही हिशेब सांगतं. इब्री लोकांस पत्र ४:१३ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच ओळीत आहेत: त्याच्या नजरेपासून काहीच लपलेलं नाही, आणि हिशेब त्याच्याकडेच द्यायचा आहे. मूळ ग्रीकमध्ये या हिशेबासाठी ‘लोगॉस’ शब्द आहे, आणि आधीच्याच ओळीत दुधारी तलवारीहून धारदार असं ज्याचं वर्णन आहे तो देवाचा शब्दही ‘लोगॉस’च. देव बोलला, आता माणसाने बोलायचं.

‘झाडा देणे’ हाही अस्सल शब्द आहे, पण त्यात झडती घेतल्याचा सूर येतो. तो आत्मपरीक्षणाच्या पानावर शोभेल. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीत रोजच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत: आधी मिळालेल्या दानांबद्दल आभार, मग आपले दोष ओळखण्यासाठी कृपा मागणं, मग उठल्यापासून आत्तापर्यंतचा तासातासाचा झाडा (विचार, मग शब्द, मग कृती), मग क्षमा, शेवटी सुधारण्याचा निश्चय. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट झाड्याला बसलं की माणूस एक तर स्वतःला झोडपत राहतो, नाही तर सबबी काढतो, म्हणून छापताना क्रम बदलू नये. कुमसाराची (धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याची) तयारी त्याच पानावर देणार असाल, तर कॅथलिक शिकवणीप्रमाणे प्राणघातक पापाच्या तीन अटीही द्या: बाब गंभीर असणं, पूर्ण जाणीव, आणि मनापासून संमती. शेवटच्या दोन अटींना आपल्या खरेदीखतांच्या मराठीत तयार शब्द आहेत: ‘अक्कलहुशारीने’ आणि ‘राजीखुशीने’. वयस्क वाचकांना ते लगेच कळतात.

सगळं धरून वाक्य असं करता येईल: ‘देवाने माणसाला मोकळं मन दिलं आहे, म्हणून आपल्या वागण्याचा हिशेब त्याला देवापाशी द्यायचा आहे, आणि देव सर्व जाणतो, म्हणून तो हिशेब खरा होईल.’ ‘म्हणून’ दोनदा आला तरी चालेल, दोन्ही आपापल्या जागी आहेत. ‘द्यायचा आहे’च्या ठिकाणी ‘द्यावा लागेल’ करू नका. ‘लागेल’मध्ये नाइलाज आहे, ‘द्यायचा आहे’मध्ये सोपवलेलं काम.