नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी आणि माती परीक्षणाचा रिपोर्ट

प्रश्न: शहराला लागून आमचं अर्धा एकर रान आहे, बरीच वर्षं नाल्याचं पाणी उचलून पालक-मेथी करतो. पीक झकास येतं, माती परीक्षणाचा रिपोर्टही चांगला आलाय, तरी मुलगी म्हणते यात जड धातू असतील, घरी खायला नको. खरंय का?
– एक शेतकरी, पुणे जिल्हा

उत्तर: दादा, मुलीचं ऐका. नेहमीच्या रिपोर्टमध्ये सामू (म्हणजे माती किती आम्ल-अल्क आहे ते, pH), सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, फार तर जस्त-लोह येतं, कॅडमियम आणि शिसं हे जड धातू त्यात बघतच नाहीत, ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. आणि पीक झकास आहे यावर तर अजिबात जाऊ नका. तांबं, निकेल फार झालं की पानं पिवळी पडतात, मुळं खुंटतात, निदान कळतं तरी. कॅडमियमचं तसं नाही, झाड हिरवंगार दिसतं आणि पानात ते साठत राहतं, मग भाजी कितीही धुवा नाहीतर शिजवा, जात नाही. शिसं बरंचसं मुळांमध्येच अडकतं, पानावर जास्त करून धुळीतून बसतं, ते धुतल्यावर पुष्कळ कमी होतं.

जपानमध्ये तोयामाला खाणीतलं कॅडमियम जिन्झू नदीच्या पाण्यातून भातखाचरात गेलं, तो तांदूळ वर्षानुवर्षं खाऊन माणसांची, त्यातही बायकांची, मूत्रपिंडं आणि हाडं गेली. इताई-इताई म्हणतात त्या आजाराला. 1968 ला सरकारने कारण मान्य केलं, पण शेतातली माती बदलायचं काम 1979 ला सुरू झालं ते 2012 पर्यंत चाललं! तुमच्याकडे तेवढं झालंय असं नाही म्हणत मी, पण मातीत गेलेला धातू आपोआप निघत नाही.

तुमची जमीन काळी, चुनखडीची असेल तर बरं, सामू जास्त असला की कॅडमियम मातीत धरून राहतं. कोकणातल्या आम्लधर्मी मातीत ते पटकन पिकात उतरतं म्हणून तिथे चुना कामाचा, तुम्ही उगाच टाकू नका. कुजलेलं शेणखत घाला, आणि जस्त कमी असेल तर तेही द्या, कारण जस्त कमी पडलं की झाड कॅडमियम जास्त उचलतं.

पण आधी नाल्याचं पाणी बंद करा, बाकी सगळं नंतर. जड धातूंचा रिपोर्ट येईपर्यंत पालेभाजी, मुळा, गाजर थांबवा, ती जनावरांनाही घालू नका. तोवर झेंडू-शेवंती लावा, पुढे टोमॅटो, भेंडी, गवार घेता येईल, फळात धातू पानांपेक्षा कमी येतात. मोहरी लावली की जमीन साफ होते असं सांगणारे भेटतील, ती थोडं ओढते हे खरंय पण वर्षं जातात त्यात आणि कापलेली मोहरी टाकायची कुठे हा प्रश्न राहतोच. नमुना देताना मातीसोबत पालकाची पानं पण द्या, आणि माती लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खुरप्याने काढा, जस्ताचा मुलामा दिलेली पाटी-बादली त्यासाठी वापरू नका.