महागडा डिझायनर सूट घ्यावा का, की नुसत्या ब्रँडचेच पैसे असतात?

ब्रँडचे पैसे असतातच, पण सगळेच त्याचे नसतात. लेबल नंतर बघा, आधी कोटाच्या खालच्या बटणाजवळ बाहेरचं कापड एका हाताने आणि आतलं दुसऱ्या हाताने चिमटीत धरून हलकं ओढा, मधे तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर तो कॅनव्हास, बऱ्याचदा घोड्याच्या केसांचा, टाक्यांनी बसवलेला, असा कोट वापरता वापरता अंगावर बसत जातो. थर जाणवलाच नाही तर बहुतेक गोंदाने चिकटवलेला फ्यूज्ड कोट, त्याला काही वर्षांनी छातीवर फुगे येऊ शकतात आणि ते परत बसत नाहीत, माझ्या पहिल्या महागड्या कोटाचं हेच झालं, फार वाईट वाटलं.

दुसरं, खांदा. बाही, कंबर टेलर आरामात करून देतो पण खांदा उसवणं म्हणजे अर्धा कोट परत शिवणं, म्हणून तो दुकानातच परफेक्ट हवा.

आणि सुपर १५० वगैरे आकड्याला भुलू नका हो, तो लोकरीचा धागा किती बारीक ते सांगतो, टिकाऊपणा नाही. रोज घालायला १०० ते १२० मस्त.

बेल्ट आणि बूट एका रंगाचे ठेवा, बस.